काठी शांत, होड्या वेड्या

६ मे

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

दादा जाऊन दोन महिने झाले. मी चौथ्याच दिवशी निघालो ते मनाला लागून राहिलं आहे, पण मुख्य कार्यालयात माझं काम अंगावर घेणारं दुसरं कोणी नव्हतं. आईचे गुडघे कसे आहेत? औषधाचं नाव कळवलंत तर इथून पाठवतो.

एक काम होतं. दादाने टाकीवरच्या सहा वह्या घरी नेल्या, असं तिथला पहारेकरी सांगतो. डब्याच्या पिशवीतून, रोज एक. का नेल्या कुणास ठाऊक. नवी गोदी बांधून पुरी होण्याआधी तिची शंभरपट लहान प्रतिकृती टाकीत बांधून आम्ही तिच्यावर लाटा सोडून पाहिल्या होत्या, हे तुम्हाला माहीत आहेच. मी साहेब आणि दादा मिस्त्री. त्या वेळच्या नोंदींच्या या वह्या. आता गोदीवरच्या अपघाताची, म्हणजे दादाच्याच अपघाताची, चौकशी समिती बसली आहे आणि सगळे कागद जागेवर हवेत.

वह्या कचेरीच्या आहेत. तुम्हाला त्यांत वाचण्यासारखं काही नाही, नुसते आकडे. रद्दीत तर नाही ना गेल्या? रजिस्टर पोस्टाने पाठवाव्यात.

आपला,
धाकटा


११ मे

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सवयीने ‘ती. सौ.’ लिहिलंत आणि मग ‘सौ.’ खोडलंत, ते दिसलं. वाईट वाटून घेऊ नका, माझ्याही हाताला अजून दोन कप चहा टाकायची सवय आहे. दुसरा मीच पिते.

वह्या रद्दीत गेलेल्या नाहीत. जेवणाच्या टेबलावर आहेत. आता तिथे सासूबाई आणि मी दोघीच बसतो, जागा पुष्कळ. वाचण्यासारखं काही नाही म्हणता, पण सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हापासून मी पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. हे चिडवायचे, “वाणी सामान बांधत नाही, हिच्यासाठी ग्रंथ बांधतो.”

तीस वर्षं हा माणूस सकाळी आठला जायचा आणि ओल्या चपलांनी परत यायचा. काय केलंत विचारलं तर म्हणायचे, “लाटा मोजल्या.” मी विचारायची, “संपल्या का?” “उद्याच्या उरल्यात.” बास, एवढंच. मला तेव्हा वाटायचं, सांगण्यासारखं काही नसेल. आता वाटतं, मी नीट विचारलंच नाही.

म्हणून त्यांनी काय मोजलं ते मला समजून घ्यायचंय. तुम्ही शिकलेले, मोठे साहेब. मला समजेल असं लिहा, म्हणजे एकेक वही पाठवत जाईन. पहिला प्रश्न: लाट किनाऱ्यावर येते तर ते पाणी कुठून येतं? सगळं पाणी इकडे आलं तर तिकडचं संपत कसं नाही? हसू नका.

सासूबाई म्हणतात, “त्याला लिही, गुडघे आहेत तिथेच आहेत. औषध नको, तोंड दाखव म्हणावं.”

तुमची वहिनी


१९ मे

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

हसलो नाही. खरं सांगू? आमच्या परीक्षेला बसलेल्या अर्ध्या मुलांना तुमचा प्रश्न सुचला नसता.

पाणी येतच नाही, वहिनी. लाट येते. दोरीवर वाळत घातलेली चादर एका टोकाला झटकलीत तर झटका दुसऱ्या टोकाला पोचतो, चादर मात्र जागच्या जागी असते. पाण्यात बूच टाका. लाट आली की ते वर जाईल, थोडं पुढे, मग खाली, थोडं मागे, आणि होतं तिथेच राहील. पुढे जातो तो नुसता धक्का. गावात बातमी पसरते तेव्हा माणसं कुठे चालत जातात? तसंच.

आणखी दोन गोष्टी. दोन लाटा समोरासमोर आल्या तर टक्कर होत नाही. क्षणभर एकमेकींत मिसळतात, तेवढ्यापुरतं पाणी दुप्पट उंच होतं किंवा सपाट होतं, आणि मग काही झालंच नाही अशा आपापल्या वाटेने जातात. आणि लाट सरळ भिंतीवर आपटली की परत फिरते. मरत नाही. भिंत उतरती आणि खडबडीत असेल तरच तिची ताकद जिरते. दादाचा सगळा जन्म हे पाहण्यात गेला. कामगार त्याला ‘घड्याळ’ म्हणायचे. एक चाचणी संपली की टाकीतलं पाणी पूर्ण निजेपर्यंत तो दुसरी सुरू करू द्यायचा नाही. मी घाई केली तर म्हणायचा, “साहेब, आधीच्या लाटा अजून भिंतींत फिरतायत. त्यांना घरी जाऊ द्या.” घरी मी त्याचा धाकटा, टाकीवर साहेब. सगळ्यांसमोर कधी एकदासुद्धा नावाने हाक मारली नाही त्याने.

लिहिता लिहिता पत्र लांबलं. कुणाशी दादाविषयी बोलायला मिळत नाही इथे. आता वह्या पाठवा. चौथी आधी पाठवलीत तर बरं.

आपला,
धाकटा


२८ मे

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

पहिली, दुसरी आणि तिसरी वही आज रजिस्टरने पाठवली. चौथी अजून वाचते आहे.

चादरीचं पटलं. मग मी कपडे धुण्याचा पत्र्याचा टब मागच्या दारी घेतला. चार फूट लांब आहे. त्यात चार बोटं पाणी भरलं आणि एका बाजूने फळीने हलकेच ढकललं. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “नवरा गेला टाकीपायी, आता ही निघाली.” पण मग त्यांनीच यांचं घड्याळ हातात धरलं. पाणी एका टोकाला चढतं, तिथून परत, दुसऱ्या टोकाला चढतं, पुन्हा परत. दहा हेलकाव्यांना अठ्ठावीस सेकंद. जोरात ढकललं तरी अठ्ठावीस, हळू ढकललं तरी अठ्ठावीस. असं का? मी किती जोर लावते याची टबाला पर्वाच नाही. त्याचं स्वतःचं काहीतरी ठरलेलं दिसतं.

आणि मी त्याच ठेक्याने पुन्हा पुन्हा फळी लावली, नुसती बोटाने, तर पाणी चढतच गेलं आणि सासूबाईंच्या पायावर सांडलं. ठेका चुकवला की काही होत नाही.

चौथ्या वहीत बारा ऑक्टोबरच्या पानावर एक ओळ खोडलेली आहे. खाली वाचता येतं: “जेवणाची सुट्टी. फळी मंद, ९ सेकंद. गोदीचं तोंड उघडं राहिलं. ४० मिनिटांनी: काठी शांत, होड्या वेड्या.” सहाही वह्या चाळल्या, रोजच्या नोंदींत आकडे सोडून आलेलं हे एवढंच वाक्य. यांनी कधी कुणाला वेडं म्हटल्याचं मला आठवत नाही. याचा अर्थ काय?

तुमची वहिनी


५ जून

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

वह्या पोचल्या. तुमच्या टबाचं वाचून कौतुक वाटलं. आईने घड्याळ धरलं हे ऐकून तर डोळ्यांत पाणी आलं.

तुमचं बरोबर आहे, प्रत्येक टबाचा, प्रत्येक गोदीचा स्वतःचा एक ठेका असतो. तो ठरतो लांबीवर आणि खोलीवर. झोपाळ्याला योग्य वेळी नुसतं बोट लावत राहिलं तरी तो उंच जातो, तसं पाण्याचं. एकेक धक्का क्षुल्लक, पण प्रत्येक वेळी आधीच्यात भर पडते.

आता त्या ओळीचं. ती एक गंमतच होती. लाटा उठवणारी फळी हलवायचं आमचं मशीन जुनं. बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला रुसायचं, म्हणून दादा जेवायच्या सुट्टीत ते बंद न करता सगळ्यांत मंद गतीवर टाकायचा आणि लाटा आत जाऊ नयेत म्हणून प्रतिकृतीच्या तोंडाला झाकण लावायचा. त्या दिवशी झाकण लावायला विसरला. आयुष्यात एकदाच! परत येऊन पाहतो तर आत बांधलेल्या लाकडी होड्या दोऱ्याला हिसके देत पुढे-मागे पळतायत. आम्ही पोट धरून हसलो. ‘घड्याळ’ चुकलं म्हणून दिवसभर त्याची चेष्टा चालली होती.

आणि काठी शांत का, तर उंची मोजायची काठी आम्ही गोदीच्या मध्यावर रोवतो. पाणी टोकांना चढतं-उतरतं, मध्यावर पातळी हलत नाही. तिथे पाणी नुसतं आडवं धावतं, आणि सगळ्यांत जोरात तिथेच धावतं. त्यामुळे काठीला काही कळत नाही आणि होडीला सगळं कळतं.

पण तो चाचणीचा भाग नव्हता. आमची प्रत्येक चाचणी तीन मिनिटांची असते, आणि तेवढ्यात असलं काही उभं राहूच शकत नाही. म्हणून ती ओळ गेली. त्यात शोधण्यासारखं काही नाही. चौथी वही आता मात्र लगेच पाठवा. विनंती समजा, नाही तर तगादा समजा.

आपला,
धाकटा


१७ जून

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

टबाच्या मध्यावर मी एक सुई उभी केली आणि शेजारी दोऱ्याला बूच बांधलं. तुम्ही लिहिलंत तसंच झालं. सुईवर पाण्याची रेघ तिथल्या तिथे आणि बुचाने दोरा ताणून ताणून सोडवला. सासूबाईंनी ते बूच पाण्यातून काढून कोरडं केलं आणि म्हणाल्या, “बास कर.” त्यांना काय कळलं मला माहीत नाही.

परवा यांच्या चष्म्याच्या घरात एक चिठ्ठी सापडली. अक्षर यांचं. “रविवार. वारा नाही. मधला धक्का. ८८, ९१, ९०.” दुसऱ्या रविवारचं, तिसऱ्या रविवारचं, असंच. शेवटचा रविवार अपघाताच्या चार दिवस आधीचा. रविवारी हे मला “जरा फिरून येतो” म्हणायचे. बस धरून गोदीवर जायचे, हे मला ती चिठ्ठी सांगते आहे.

पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर यांनी चौकट करून लिहून ठेवलंय: प्रतिकृती शंभरपट लहान, म्हणून वेळ दहापट लहान. मग टाकीतले नऊ सेकंद म्हणजे समुद्रातले नव्वद. बरोबर ना, साहेब? मला हिशेब येत नाहीत, पण पाढे येतात.

आणि अख्ख्या कचेरीतून कुणी तोंड दाखवलं नाही, पण काल एक माणूस घरी आला. गोदीवर जहाजांचे दोर बांधतो. उंबऱ्यात चपला काढून उभाच राहिला. बसा म्हटलं तर म्हणाला, “बसण्यासारखं तोंड नाही, बाई.”

मी विचारलं, “वादळ होतं का हो?”

“छे! समुद्र तेल ओतल्यासारखा. वाऱ्याची झुळूक नाही. आणि जहाज बघावं तर झुल्यावर बसल्यासारखं. पुढे, मागे, पुढे, मागे. आम्ही दोघं आणखी एक दोर टाकायला गेलो. मिस्त्री लांबून पळत आले. ‘हटा, दोराजवळून हटा!’ आम्ही म्हटलं, हा टाकीवरचा म्हातारा आम्हाला दोर शिकवतो काय. त्यांनी आम्हा दोघांना ढकललं. आणि दोर तुटला तो...”

मी म्हटलं, “पुढचं राहू द्या.”

जाताना तो म्हणाला, “समितीपुढे मी हे सांगितलं, बाई. पण तिथे साहेबांचं काही वेगळंच वाचून दाखवलं.”

भाऊजी, वारा नसताना नव्वद सेकंदांची लाट कुठून येते? आणि तुम्ही समितीपुढे काय सांगितलंत?

तुमची वहिनी


४ जुलै

भाऊजी,

सतरा दिवस झाले, उत्तर नाही. दोरवाल्याने समितीच्या कारकुनाकडून तुमच्या जबानीची नक्कल मिळवून दिली. तुमचंच वाक्य तुम्हाला लिहून पाठवते, विसरला असाल तर:

“मंद लाटांची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकीवरील मिस्त्रींची होती. अशी कोणतीही नोंद त्यांनी घेतल्याचे आढळत नाही. गोदीच्या मध्यभागी पाण्याची हालचाल नगण्य असल्याचे मोजमाप उपलब्ध आहे. अपघाताच्या वेळी ते विनापरवाना धक्क्यावर होते.”

केवढं सुरेख लिहिता. खोटं एक अक्षर नाही आणि खरंही एक नाही. मध्यभागी हालचाल नगण्य. सुईवर तर नगण्यच होती, मी बघितली.

जो माणूस पाणी निजेपर्यंत पुढची चाचणी होऊ द्यायचा नाही, तो हलगर्जी ठरला. दोन माणसांना वाचवून मेला, तर तिथे त्याचं काम काय होतं असं विचारणार. आणि तो तुमच्या टाकीवर तुम्हाला साहेब म्हणायचा.

समितीचं काम एकतीस जुलैला संपतं. त्याआधी तुम्ही स्वतः त्यांना एक ओळ लिहा: नोंद होती. बाकी मी काही मागत नाही. सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, “धाकट्याचं आलं का काही?”

वहिनी


१२ जुलै

वहिनी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल. लांब कुठेतरी वादळ होतं. तिथून निघालेल्या लाटा दिवसांनी इथे पोचतात. वाटेत थोड्या लांब आणि थोड्या आखूड लाटा एकमेकींत मिसळून त्यांच्या झुंडी होतात. पाच-सहा मोठ्या, मग पाच-सहा लहान, पुन्हा मोठ्या. एक झुंड, दीड मिनिट, दुसरी झुंड. बाहेर उभं राहणाऱ्याला पाणी शांतच दिसतं. गोदीच्या तोंडाशी मात्र दर दीड मिनिटाला कुणीतरी बोट लावत असतं. आणि त्या गोदीचा ठेका नव्वद सेकंदांचा आहे. हे मला ठाऊक होतं का? बारा ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं. ती ओळ मी खोडलेली नाही. दादाने खोडली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघंच होतो. मी त्याला म्हटलं, ही ओळ अहवालात गेली तर गोदीचा आराखडा बदलावा लागेल, बांधलेल्या भिंती पाडाव्या लागतील, वर्ष जाईल, आणि ज्याने हा आराखडा मंजूर केला त्याचं, म्हणजे माझं, पुढे काही होणार नाही. खोड म्हणालो नाही. विचारलं, “दादा, काय करू या?” त्याने होड्या सोडवून पुसून ठेवल्या आणि गेला. सकाळी मी आलो तर ओळ खोडलेली होती, शेजारी त्याची सही आणि तारीख. जेवताना म्हणाला, “तुझं पोट भरलं का?” तेवढंच. टाकीवर पहिल्यांदा मला ‘तू’ म्हणाला.

ती वही बाहेर आली तर माझं जायचं ते जाईलच. पण त्या पानावर सही माझी नाही, वहिनी. आज लोक त्याला फार तर विसराळू म्हणतील. वही गेली की म्हणतील, जाणूनबुजून लपवलं. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्याला विसराळूच राहू द्या. विसराळू असणं हा गुन्हा नाही.

आणि आईचा विचार करा. एक गेला. दुसऱ्याला तुम्ही घालवायला निघाल्या आहात.

मी समितीला लिहिणार नाही. मला जमणार नाही. वही जाळा म्हणत नाही. नुसती ठेवून द्या.

धाकटा


२० जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.  दुपारी सासूबाईंनीच उठून, गुडघे धरत धरत, चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला.

तुम्ही नेम धरून दगड मारलात आणि तो लागला. मला वाटत होतं, माझा माणूस निर्मळ आणि तुम्ही काळे. चार महिने मी तेवढ्यावर उभी होते. आता तेही नाही. चष्मा लावून मी ती सही पुन्हा बघितली. त्यांचीच आहे. हात थरथरलेला नाही, सावकाश केलेली सही आहे. घरी आले असतील, जेवले असतील, मी विचारलं असेल काय केलंत, आणि ते म्हणाले असतील, लाटा मोजल्या.

त्यांच्यावर मी किती चिडले आहे ते तुम्हाला सांगून उपयोग नाही, आणि ज्यांना सांगायचं ते नाहीत. रविवारी रविवारी चोरासारखं जाऊन मोजत बसले. कुणासाठी? मोजून कुणाला सांगणार होते? तुम्हाला सांगितलं नाही, मला नाही, त्या दोर बांधणाऱ्यांना नाही. पाठच्या भावासाठी गप्प राहिले आणि मग एकटेच धक्क्यावर जाऊन उभे राहिले, जणू आपण लक्ष ठेवलं की जहाज हलायचं थांबेल. वह्या पिशवीतून घरी आणत होते तेव्हा बहुतेक सांगायचा हिय्या करत होते. हिय्या करायला सहा दिवस लागले आणि सातवा मिळाला नाही.

संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. तुमचीही पत्रं, माझ्या पत्रांचे कच्चे खर्डेही. एक शब्द गाळला नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ते पान दाखव.” त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“हे खोडलंय?”

“हो.”

“मग तुला वाचता कसं आलं?”

मी म्हटलं, एकच रेघ मारली आहे, खालचं दिसतं.

त्यावर त्या म्हणाल्या, “मोठा असाच. धाकटं मात्र पाटी थुंकी लावून पुसायचं, वर शर्टाच्या बाहीने घासायचं. काय लिहिलं होतं ते मास्तरांच्या बापालाही कळायचं नाही.”

मग पाठवण्याआधी उतरवून ठेवलेली पहिली पानं मी पुन्हा वाचली. पहिल्या वहीत, त्या चौकटीखाली, यांनी टाकीवरच्या लोकांसाठी नियम लिहिलेत. तिसरा असा: चुकीची नोंद एकाच सरळ रेघेने खोडावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. ती वही तुमच्याकडे आहे, बघा. तेव्हा त्यांनी तुमच्यासाठी खोडलं आणि दुसऱ्या कुणासाठी तरी राहू दिलं. एवढ्यावर मी त्यांना मोकळं सोडत नाही. राहू दिलेलं वाचायला दीड वर्ष कुणी आलं नाही आणि त्यांनी कुणाला बोलावलंही नाही. पण तुम्ही म्हणता तसं मी त्यांना विसराळूही राहू देणार नाही. त्यांना सगळं आठवत होतं. ते विसराळू नव्हते, भित्रे होते, आणि शेवटच्या दिवशी भित्रे नव्हते. हे तिन्ही खरं आहे आणि तिन्ही मी समितीला लिहिलं आहे.

मी सासूबाईंना विचारलं, “पाठवू का?” तुम्ही त्यांचं नाव पुढे केलंत म्हणून विचारलं. त्यांनी टबाकडे बघितलं. म्हणाल्या, “त्या धक्क्याला आज जहाज बांधलंय का?” मी म्हटलं, रोज बांधतात, दोरवाला तिथेच कामावर आहे. “त्याला आई आहे?” मी म्हटलं, विचारलं नाही. “असेलच,” म्हणाल्या. मग तोंड फिरवून भिंतीकडे बसल्या, अजून तशाच बसल्या आहेत. आज त्यांनी तुमचं पत्र आलं का असं विचारलं नाही. यापुढे विचारतील असं वाटत नाही.

चौथी, पाचवी आणि सहावी वही, चष्म्याच्या घरातली चिठ्ठी, आणि तुमची चार पत्रं समितीला आज रजिस्टरने गेली. तुम्ही एक ओळ लिहिणार नाही म्हणालात, पण पाच जूनला तुम्ही ती लिहूनच ठेवली होती, मजेत, मी अडाणी आहे असं समजून. काठी मध्यावर का शांत असते, तीन मिनिटांत का काही उभं राहत नाही, सगळं. फार छान समजावता तुम्ही. तुमच्यासारखा मास्तर मला आधी मिळायला हवा होता.

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं, पण लिहवत नाही. खोडण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

तुमची पत्रं पाकिटात घालण्याआधी एकदा शेवटची वाचली. सहा मेचं पत्र हातात होतं. तुम्हीसुद्धा एकच सरळ रेघ मारली होतीत. एवढं मात्र त्यांच्याकडून शिकलात. ‘सौ.’ अजून वाचता येतं.

वहिनी